भाताचा वेगळा वाडगा

जपानला निघाले तेव्हा आमच्या वस्तीत सगळ्यांना वाटलं, मी बुद्धाच्या गावाला चालले आहे. बुद्ध आपल्याकडचाच, हे कितीदा सांगितलं तरी शेजारच्या काकू म्हणायच्या, "असू दे गं, तिकडे जास्त मानतात ना त्याला!" मी चालले होते फळं टिकवायचं तंत्र शिकायला. नाशिकभोवती द्राक्षबागा वाढत होत्या, मला शिष्यवृत्ती मिळाली होती आणि ओकायामाजवळच्या एका गावात वर्षभर, एका जपानी कुटुंबाच्या घरी राहायचं होतं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांतून माझ्याआधी इगतपुरीचा घाट उतरूनही कुणी शिकायला गेलं नव्हतं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. गाडी सुटताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "आपल्याच मानसांत चालली तू. तिथं तुला कोनी इचारनार नाय." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका निर्धास्त होता की मलाही ते खरं वाटलं.

आप्पा मूळचे नांदगावकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. चहा वरून ओतायचे, पिऊन झाला की आपला आपण धुवायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. पुढे छप्पन्न सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, आप्पा नाशिकला एका कचेरीत शिपाई म्हणून लागले, कोनाडा मागे राहिला. पण कचेरीत ते स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन जायचे. कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. "आपला आपला बरा" एवढंच ते म्हणायचे. मला त्या पेल्याचा भयंकर राग यायचा. शाळेत असताना मी तो दोनदा लपवून ठेवला होता. आप्पांनी मुकाट्याने दुसरा विकत आणला.

जपानमधलं घर लाकडी, नीटनेटकं, बोलावं तर शेजारी ऐकतील इतकं शांत. घरात तिघं. आईला मी ओकासान म्हणायचे, वडिलांना ओतोसान. तिथे पाहुण्या विद्यार्थ्यांनी तसंच म्हणायची पद्धत होती. तिसरी आजी, ओतोसानची आई. घरात बुद्धाचा देव्हारा होता आणि रोज सकाळी भात शिजला की पहिला घास आजी त्याच्यापुढे ठेवायच्या. हे बघून मला आप्पांचं बोलणं आठवलं आणि जीव थंडावला. पहिले काही दिवस मला काचेच्या कपाटातल्या निळ्या नक्षीच्या सुंदर वाडग्यात भात वाढला जायचा.

एका संध्याकाळी आजींनी विचारलं, तुमचं घराणं कधीपासून बौद्ध? मी म्हटलं, वडिलांच्या तरुणपणापासून. त्यांना गंमत वाटली. मग त्याआधी तुम्ही कोण होतात? मी मुंबईत घाईघाईने शिकलेल्या जपानीत, मधेमधे शब्दकोश चाळत, सगळं सांगितलं. अस्पृश्य हा शब्द मला सापडेना, म्हणून म्हटलं, ज्यांना कुणी हात लावत नाही अशी माणसं. ओकासाननी तोंडावर हात ठेवला, मग उठून ताटल्या गोळा करायला लागल्या. कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्यापुढे एक नवा लाल वाडगा आला. सोबत जेवायच्या नव्या लाल काड्या आणि चहाचा वेगळा पेला. ओकासान हसून म्हणाल्या, "आजपासून हा तुझा." निळ्या नक्षीचा वाडगा पुसून काचेच्या कपाटात गेला होता.

म्हणजे इथेही! मी सांगितलं नसतं तर त्याच निळ्या वाडग्यात जेवत राहिले असते. त्याच सुमारास वर्गातल्या एका मुलीने दबक्या आवाजात सांगितलं होतं की या देशातही काही माणसं आहेत, ज्यांच्याशी सोयरीक करण्याआधी लोक आजोबांचं गाव शोधतात. तेव्हा मी ते नुसतं ऐकलं होतं. आता ते डोक्यातून जाईना. बागेत द्राक्षांच्या घडांना कागदाच्या पिशव्या घालताना माझे हात चालायचे आणि मनात ओकासानशी भांडण चालायचं, तेही नाशिकच्या मराठीत. मोठ्या हसून वाढतात! देव्हाऱ्यात बुद्ध आणि ताटात विटाळ!

मी भांडले मात्र नाही, मी अबोला धरला. जेवण अर्ध्यावर सोडायचे. आईने दिलेल्या काळ्या मसाल्याची बाटली खोलीत न्यायचे आणि चिमूट चिमूट नुसतीच खायचे. जेवून झालं की ओकासान उठायच्या आत उठून लाल वाडगा स्वतः धुवायचे आणि सगळ्यांच्या भांड्यांपासून लांब, खिडकीशी पालथा घालायचे. वेगळा ठेवताय ना, मग हा घ्या वेगळा. ओकासान बघत राहायच्या. त्यांचं हसणं कमी होत गेलं आणि मला वाटलं, पकडली गेली बाई.

शेवटी मी आमच्या प्रशिक्षण केंद्रातल्या साहेबांकडे गेले आणि घर बदलून मागितलं. त्यांनी कारण विचारलं. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, तिथली हवा मानवत नाही. ते म्हणाले, "याच गावात दुसरी हवा मी कुठून आणू?" मग गंभीर होऊन म्हणाले की रविवारी ते घरी येऊन बोलतील, आणि दुसरं घर मिळालं नाही तर मला शिक्षण सोडून परत जावं लागेल. परत जायचं म्हणजे नाशिक रोडच्या फलाटावर उभं राहून आप्पांना सांगायचं की तुमच्या माणसांनीही वेगळं भांडं काढलं. त्या कल्पनेनेच माझी झोप उडाली.

शनिवारी संध्याकाळी मी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. ओकासान भाताचं भांडं घेऊन आल्या तेव्हा मी उठले, फळीवरचा ओतोसानचा मोठा करडा वाडगा घेतला, त्यात स्वतः भात वाढून घेतला आणि पहिला घास तोंडात टाकला. आजींच्या काड्या हवेतच थांबल्या. ओतोसान माझ्याकडे बघतच राहिले. ओकासान पुढे झाल्या आणि "अगं, तो नको, तो यांचा आहे," म्हणत त्यांनी वाडगा माझ्या हातातून काढून घेतला.

मी ओरडलेच. "मी घाण आहे का?" एवढंच मला जपानीत म्हणता आलं. मग तेच पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने, आणि रडू फुटलं.

कुणाला काही कळेना. आधी आजींना कळलं. त्या उठल्या, फळीवरचे वाडगे आणून त्यांनी एकेक करून माझ्यापुढे चटईवर मांडले. हा माझा, यात माझा मुलगाही जेवणार नाही. हिच्या हातात आहे तो त्याचा. हा सुनेचा, लग्न होऊन आली त्या आठवड्यात घेतला. मग काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते पाहुण्यांचे. पाहुणा येतो आणि जातो. घरच्या माणसाला स्वतःचा वाडगा लागतो." त्यांच्या नवऱ्याचा वाडगा कुठे आहे, हे मी न विचारताच त्यांनी सांगितलं. ते वारले तेव्हा दारात फोडला. त्यांच्याकडे माणूस कायमचं घर सोडून गेलं तरच त्याचा वाडगा फोडतात.

म्हणजे निळ्या वाडग्यात जेवत होते तेव्हा मी परकी होते, आणि लाल वाडगा आला तेव्हा घरची झाले होते. मी उलट वाचत गेले. पण खरं सांगते, त्या रागाबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. माझ्या जागी नाशिकच्या आमच्या वस्तीतलं कुणीही असतं तरी त्याने तेच वाचलं असतं.

ओकासान मात्र अजून उभ्याच होत्या. त्यांच्या हातात तो करडा वाडगा तसाच होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू रोज उठून तुझा वाडगा धुतेस. वेगळा ठेवतेस. मला वाटलं, माझ्या हातचं तुला अस्वच्छ वाटतं."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर ज्याचा धसका घेतला, तेच मी त्या बाईला महिनाभर भोगायला लावलं होतं. मी त्यांचे हात धरले. त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मला उठू दिलं नाही. सगळ्यांची भांडी एकाच पाण्यात बुडवली आणि माझा वाडगा त्यातच टाकला. रविवारी साहेब आले, चहा पिऊन बसले. मी त्यांना सांगितलं की हवा आता मानवली आहे. ते म्हणाले, "फार लवकर बदलली!"

वर्ष पुढे चांगलं गेलं. निघताना मी तो वाडगा मागितला, आप्पांना दाखवायला. आजींनी दिला नाही. "परत येशील तेव्हा कशात जेवशील?" म्हणाल्या. परत जाणं काही झालं नाही.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी जपानच्या गोष्टी ऐकायला येत होतं. एका संध्याकाळी मी ही हकिगत रंगवून सांगितली. ओतोसानच्या वाडग्यात मी भात वाढून घेतला, या जागी सगळे पोट धरून हसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लहानपणापासून अशीच आगाऊ!" आप्पा हसले नाहीत. माणसं पांगली, आई स्वयंपाकाला लागली, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले.

"मंग धुयचं कोन?"

"ओकासान. सगळ्यांची भांडी एकत्र."

"आन फळीवर कुठं ऱ्हायचा तुझा? मधी का कडंला?"

मी आठवू लागले. ओतोसानचा करडा वाडगा डोळ्यांसमोर आला, आजींचा पातळ काठाचा, ओकासानचा फुलांचा. माझा त्यांच्या मधे होता की टोकाला, काही केल्या आठवेना. "नाही लक्षात, आप्पा," मी म्हटलं. "पुढे पुढे मी बघायचंच सोडून दिलं होतं."

मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "सुटतं व्हय ते?"

मी हो म्हटलं. ते ऐकून त्यांचे डोळे भरून आले आणि ते उठून बाहेर ओट्यावर गेले. आदल्याच दिवशी मी पेढे घेऊन कॉलेजातल्या सरांच्या घरी गेले होते. तिथे चहा आला तेव्हा माझी कपबशी ट्रेमधल्या बाकीच्यांसारखीच आहे ना, हे मी आधी पाहिलं आणि मगच कप उचलला. हे मात्र मी आप्पांना कधी सांगितलं नाही.