समोरच्या गोलकडे

“हातानं खेळत्यात आणि म्हणं फुटबॉल,” हे मी आमच्या पेठेत इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचं वेड असलं तर कुणी काही विचारत नाही. पण मला दोन फुटबॉलचं वेड आहे. एक आमच्या तालमीच्या संघाचा, पायाने खेळायचा. दुसरा अमेरिकेतला, हेल्मेट घालून अंगावर जायचा. सगळे घरात अडकून पडलो होतो त्या वर्षी इथली मैदानं ओस होती, तेव्हा मी तो मोबाईलवर बघायला लागलो आणि त्यात गुंतलो. तिकडे रविवारी रात्री सामना असतो तेव्हा इथे सोमवारची सकाळ असते. मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसतो आणि बायको डबा भरता भरता विचारते, आज तरी बॉल पायाला लागला का.

खेळ मला आवडतो तो त्याच्या काटेकोरपणासाठी. वीतभर जमिनीसाठी बावीस माणसं भिडतात आणि पंच मैदानात साखळी आणून ती वीत मोजतात. बांधावरून भांडणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हा खेळ खरं तर केव्हाच आवडायला हवा होता. मला चीड येते ती दाखवणाऱ्यांची. खेळ थोडा आणि बोलणं फार. सूट घातलेले पाचजण टेबलामागे बसतात आणि कुणाचा गुडघा कसा आहे, कुणाचा खांदा कसा आहे, याची चर्चा बाजारात बैलाचे दात बघावेत तशी करतात. आणि मैदानात कुणी पडून राहिला की ताबडतोब जाहिरात. मोटार, पिझ्झा, विमा. परत येतात तोवर तो पडलेला माणूस अंगठा दाखवत उभा असतो, लोक टाळ्या पिटत असतात आणि बोलणारा म्हणतो, काय ही जिगर. दर सोमवारी मी लॅपटॉपला शिव्या घालायचो. तुम्ही पत्रकार आहात का गारुडी, असं मोठ्याने विचारायचो. मी स्वतः काय लिहितो, हे मात्र एकदाही मनात आलं नाही.

कारण मीही लिहितो. दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी आणि हंगामात एका स्थानिक दैनिकासाठी सामन्यांच्या बातम्या. माझं नाव छापून येत नाही, पण पेठेत सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे सामन्याच्या बातमीचं आयुष्य दुसऱ्या दिवशी रद्दीत संपत नाही. तालमीसमोर चौकात काळा फलक आहे. पेपरातलं सगळ्यात फक्कड वाक्य पेंटरमामा त्या फलकावर रंगीत खडूने लिहितात. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता हात थरथरतो, पण फलकावर दुसऱ्या कुणी खडू लावलेला त्यांना खपत नाही. तिथे आपलं वाक्य लागावं म्हणून मी बातम्या लिहायचो, हे आज कबूल करतो.

गेल्या जानेवारीतल्या रविवारची गोष्ट. उपांत्य सामना होता. आमच्या तालमीचा गोलकीपर म्हणजे माझा धाकटा भाऊ. उचगावला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, वय चौतीस, हा शेवटचा हंगाम असं तीन हंगाम म्हणतोय. मी समोरच्या गॅलरीत वही घेऊन बसलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा फॉरवर्ड एकटाच सुटला आणि भावाने त्याच्या पायांत उडी घातली. बॉल मिळाला, पण त्याचबरोबर फॉरवर्डचा गुडघा भावाच्या कानशिलावर बसला. आवाज गॅलरीपर्यंत आला. तो पडून राहिला. त्याला उचलून बाहेर रेषेजवळ आणलं, कुणी डोक्यावर पाणी ओतलं, कुणी मानेवर स्प्रे मारला. चार-पाच मिनिटांनी तो उठला. गॅलरीत शिट्ट्यांचा पाऊस पडला. तो मैदानात शिरला आणि चालायला लागला तो समोरच्या गोलकडे. म्हणजे त्यांच्या. बरंच अंतर गेला. शेवटी आमच्या बॅकने त्याला खांद्याला धरून वळवलं. माझ्यामागे कुणीतरी ओरडलं, “पावणं, घर इकडं हाय.” सगळी गॅलरी हसली. मीही हसलो.

सामना संपता संपता पेनल्टी झाली आणि ती भावाने अडवली. आम्ही फायनलला गेलो. मी तिथेच बसून फोनवर बातमी लिहिली: डोक्याला मार लागूनही गोलरक्षकाने गड सोडला नाही, उजवीकडे झेप घेत बोटांच्या टोकांनी पेनल्टी परतवली. समोरच्या गोलकडे चालत गेल्याचं लिहिलं नाही. सख्ख्या भावाचं हसू कशाला करायचं, एवढाच विचार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा लॅपटॉपसमोर बसलो. तिकडच्या सामन्यात एकजण धडकून पडला आणि जाहिरात लागायच्या आत उठला. उठून तो चालत गेला तो समोरच्या संघाच्या बाकाकडे. तिथे जाऊन उभा राहिला. मी चहाचा घोट घेतला होता तो तसाच तोंडात राहिला. दोन डॉक्टर धावत आले, त्यांनी त्याला आपल्या बाजूला नेलं आणि सगळ्यात आधी त्याचं हेल्मेट काढून घेतलं, त्याने परत मैदानात जाऊ नये म्हणून. मग रेषेजवळच्या छोट्या निळ्या तंबूत नेलं. आत काय करतात ते मला इतक्या वर्षांत पाठ झालंय. आज कुणाशी खेळतोयस, आता काय झालं, असे साधे प्रश्न विचारतात. तो पुन्हा खेळायला आला नाही. बोलणारे म्हणत होते, त्याला आत यायचंच असेल, लढवय्या आहे तो. मी लॅपटॉप मिटला.

भाऊ वरच्या मजल्यावर राहतो. वर गेलो तर भावजय एकटी. तो नेहमीसारखा कामाला गेला होता. रात्री त्याला उलटी झाली होती, सकाळी दिव्याकडे बघवत नव्हतं, पण मटण बाधलं असेल म्हणाले, असं तिने सांगितलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले, हेही सांगितलं. मी ग्रंथालयात रजेचा फोन केला आणि गाडी काढली. उचगावपर्यंतचा रस्ता दहा-पंधरा मिनिटांचा. मला सारखा लेथ दिसत होता, फिरणारा, आणि त्याच्यासमोर तो, डोळे मिटून. एका सिग्नलला हिरवा लागला तरी मी उभाच होतो, मागचा रिक्षावाला काय काय बोलला ते ऐकूही आलं नाही.

तो लेथवर नव्हता. वर्कशॉपच्या मागे पोत्यावर बसला होता, डोक्याला रुमाल बांधून. मालक म्हणाले, सकाळपासून माप चुकतंय, म्हणून मीच बसवलंय. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि तंबूतल्यासारखा प्रश्न विचारला, काल दुसऱ्या हाफला आपला गोल कुठल्या बाजूला होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग चिडला. “दादा, तू पेपरवाला हाईस का डॉक्टर?” तेव्हा मला वाटलं, ही त्याची नेहमीची गुर्मी.

डॉक्टरांकडे नेला. त्यांनी स्कॅन करायला लावलं, ते होऊन कागद हातात येईपर्यंत मी दवाखान्याच्या जिन्यावर सत्तर वेळा चढ-उतर केली असेल. स्कॅनमध्ये काही नव्हतं. पण डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं की मेंदूला हादरा बसलाय, तो स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही. निदान तीन आठवडे खेळ बंद, कामही सध्या बंद. हा बरा व्हायच्या आत पुन्हा डोक्याला मार लागला तर माझ्याकडे आणून उपयोग व्हायचा नाही, असं ते म्हणाले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले. फायनल गुरुवारी होती.

डॉक्टरांच्या बोलण्यातलं फक्त अर्धं पेठेत पोचलं. संध्याकाळी भाऊ माझी नजर चुकवून खाली उतरला. मी चौकात गेलो तोवर रिपोर्ट नॉर्मल हाय, ही बातमी तालमीभर झाली होती. फलकावर पिवळ्या आणि लाल खडूने पेंटरमामांच्या अक्षरात माझं वाक्य: डोक्याला मार लागूनही गड सोडला नाही. खाली भाऊ उभा, कपाळाला गुलाल, लोक त्याच्या खांद्यावर थापा मारत होते आणि प्रत्येक थापेसरशी मी दचकत होतो. तो पेनल्टीची गोष्ट सांगत होता. उजवीकडं झेप घेतली आणि बोटांच्या टोकांनी परतवली. शब्द माझेच होते. एवढ्या काळजीतही मला क्षणभर बरं वाटलं, आणि त्याची आज लाज वाटते.

मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो की गुरुवारी तू खेळायचं नाहीस. त्याने फलकाकडे बोट केलं.

“तूच लिवलंयस की. गड सोडला न्हाय. आता घरात बसू व्हय?”

मी तसाच आत गेलो. तालमीच्या कारभाऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, तुम्ही घरचे, तुम्हाला भीती वाटणारच. दुसरा गोलकीपर नवा आहे, त्याला फायनलला कसा उभा करायचा.

मंगळवारी मी बातमी लिहिली. त्यात सगळं घातलं. कानशिलावर बसलेला गुडघा, समोरच्या गोलकडे चालत जाणं, उलटी, डॉक्टरांचं म्हणणं. दैनिकाच्या क्रीडा पानावरचा उपसंपादक माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण समजूतदारपणे बोलला. फायनलच्या तोंडावर असलं कुणाला वाचायचंय सर, त्यापेक्षा दोन्ही संघांची बलस्थानं द्या. बुधवारी पेपर उघडला तर माझ्या सगळ्या मजकुरातून एकच ओळ उरली होती: गोलरक्षक किरकोळ दुखापतीतून सावरला असून तो खेळण्याची शक्यता आहे. त्या ओळीखाली टायरची जाहिरात होती. इतकी वर्षं ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्याच टेबलाला माझीही खुर्ची होती, फक्त अंगात सूट नव्हता.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी सकाळी सातला चौकात गेलो. पेंटरमामा कट्ट्यावर चहा पीत होते. मी त्यांना म्हणालो, मामा, खडू द्या, आज मला लिहायचंय. त्यांनी खिशावर हात ठेवला. मग मी त्यांना काय लिहिणार ते सांगितलं. त्यांनी चहा संपवला, खिशातून पांढरा खडू काढला आणि माझ्या हातात दिला. रंगीत देऊ का म्हणून विचारलंही नाही. मी ओल्या फडक्याने माझं वाक्य पुसलं. अक्षर वेडंवाकडं आलं, ओळी उतरत गेल्या, पण लिहिलं ते असं: रविवारी मार लागल्यावर आपला गोलकीपर समोरच्या गोलकडे चालत गेला. आपण सगळे हसलो. मीही हसलो. डॉक्टर म्हणतात, आणखी एक मार बसला तर तो जाईल. मी हे सोमवारच्या पेपरात लिहिलं नाही, चूक माझी. खाली पहिल्यांदाच माझं नाव लिहिलं.

आठपर्यंत फलकापुढे गर्दी झाली. एकजण म्हणाला, घरभेदी. कारभारी आले, वाचून तोंड फिरवून उभे राहिले. पुसायला कुणी पुढे झालं नाही, कारण फलकाजवळ पेंटरमामा फडकं मांडीखाली घेऊन बसले होते. मी पळून जाऊ का थांबू, हे न कळून विजेच्या खांबाला टेकून उभा होतो.

भाऊ सरावाला निघाला होता, ग्लोव्हज हातात. गर्दीने त्याला वाट दिली. त्याने फलक वाचला. लहानपणी शाळेत वाचायचा तसा, ओठ हलवत. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. आता हा माझ्या अंगावर येणार, म्हणून मी खांबापासून सरळ झालो. तो माझ्यासमोर आला आणि लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

“खरंच मी तिकडं गेलतो व्हय, दादा?”

मी मान हलवली.

त्याने हातातल्या ग्लोव्हजकडे बघितलं. मग ते माझ्या हातात दिले.

“आणि पेनल्टी?” तो म्हणाला. “ती तरी मीच अडवली न्हवं? मला काय बी आठवत न्हाय. पेपरात वाचलं तवा कळलं.”