गुडघ्याजवळचा डबा

सिराजुद्दीन आमच्या खाडीपलीकडचा, तांडेलाच्या घरातला. सुकाणू धरून वाढलेला माणूस सौदीत दम्मामला आला आणि होड्याच ओढायला लागला, पण डांबरावरनं. आमच्या वर्कशॉपात होड्या दुरुस्त होतात. मी बाबाजी, वेल्डर; तो ड्रायव्हर. पिकअपच्या मागं ट्रेलर, ट्रेलरवर खोलीएवढी होडी, ती पार अल खफजीपर्यंत न्यायची.

सुरुवातीला त्यानं जी चूक केलीन, ती दर्यावरचाच माणूस करील. ट्रेलरच्या चाकांना वेगळा ब्रेक असतो. तो किती जोरात लागावा, हे ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसवलेल्या डब्यावर ठरवायचं. डबा बाजारातनं आणून बसवलेला. सिराजुद्दीननं जोर अगदी बारीक ठेवलान.

"दोरीला बांधलेली होडी कुणी ब्रेक लावून थांबवतं काय रे?" मला म्हणाला. "पुढची थांबली की मागची आपणहून थांबते. पाणी धरतं तिला."

डांबर कुणाला धरत नाही. सिग्नलला ह्यानं ब्रेक दाबलान आणि मागच्या होडीनं गाडीच्या ढुंगणावर अशी लाथ घातलीन की पिकअप थेट चौकाच्या मधोमध. आडवा येणारा टँकर वेळेत थांबला, म्हणून ही गोष्ट सांगायला शिल्लक आहे.

त्यानंतर मात्र तो डबा म्हणजे त्याचं सुकाणू झालं. ट्रेलर भरला की आधी मोकळ्या मैदानात हळूहळू चालवायचा, डब्याची कळ ओढून मागची चाकं घासटेपर्यंत जोर वाढवायचा, मग जरासा उतरवायचा. वाळूचा वारा आडवा लागून ट्रेलर शेपटी हलवायला लागला की हा पाय उचलायचा आणि कळ बोटानं हलकेच ओढायचा. मागची चाकं तेवढी धरायची, होडी सरळ. मी शेजारी बसून ते पाहिलंय. तोंडात आलेली शिवी तिथंच गिळली.

मग ती पिकअप म्हातारी झाली. आमचा कफील, म्हणजे मालक, अबू सालेमनं नवी घेतलीन; तिच्यात ट्रेलरच्या ब्रेकचा डबा कंपनीनंच आत बसवलेला. जुना डबा काढून सिराजुद्दीनच्या हातात दिलान.

"हा लावू की आतला राहू दे? चालवणार तू, तूच सांग. पण खफजीच्या होडीला ओरखडा आला तर गाडी खलास. परत घासकामावर."

घासकाम म्हणजे फायबरची होडी मशीननं घासायची. सिराजुद्दीननं पहिली वर्षं तेच केलंन, आणि अजून खोकतो. घासकामाचं नाव निघालं तसा त्याचा चेहरा उतरला.

वायरिंगवाला ज्ञानेश म्हणाला, "भाई, तुमचा डबा गाडी हळू झाल्याचं कळल्यावर मागं सांगतो. कंपनीचा गाडीच्याच ब्रेकशी बोलतो. तुम्ही किती दाबलंत, ते त्याला लगेच कळतं."

"आणि वारा लागला तर? माझ्या हातात काय, तुझं डोस्कं?"

"ह्या बघा पट्ट्या, डॅशबोर्डवर. चिमटीत दाबायच्या. मागचेच ब्रेक लागतात."

सिराजुद्दीननं त्या पट्ट्या दाबून बघितल्यान. वर्कशॉपमागच्या मैदानात होडीसकट फेऱ्या मारल्यान, जोर ठरवलान. तरी डबा सीटखाली ठेवलान. "नाही जमलं तर खफजीत हाच बसवून परत येतंय," म्हणाला.

खफजीच्या वाटेत, मी शेजारीच, वाऱ्यानं होडी एकदा हलवलीन. त्यानं पट्ट्या चिमटीत धरल्यान, होडी गप झाली. तो नुसता हुंकारला.

पुढं एक उंट रस्त्यावर आला. तिथं कुंपण मोडलेलं होतं. आला आणि मधोमध उभा, सासऱ्याच्या अंगणात असल्यासारखा. सिराजुद्दीननं पाय दाबलान आणि उजवा हात सवयीनं गुडघ्याजवळ मारलान. तिथं कळ कुठली? नुसती हवा. मी डोळे मिटले, मागच्या लाथेची वाट बघत.

लाथ आलीच नाही.

डोळे उघडले तर उंट काचेसमोर रवंथ करतोय, आणि ह्याचा हात अजून गुडघ्याजवळ हवेत. आरशात होडी पिकअपच्या मागं सरळ रेघेत.

तो उतरला. गाडीमागच्या जोडावर तळवा ठेवलान, ट्रेलरच्या चाकांजवळ वाकून बघितलंन, मग होडीच्या अंगावरनं हात फिरवीत मागं जाऊन आला.

"बाबाजी, हात लावावाच लागला नाही रे," म्हणाला. आवाज अगदी खाली. "माझ्या बापसाचे हात पण एवढं वजन एवढं अलगद धरू शकले नसते."

"उंटाला काय सांगू? हटलास तर बरं होईल?" मी विचारलं.

"त्याला सांग, नमाज चुकेल, नीघ आता." आणि हसताहसता खोकत गाडीत चढला.

होडी ओरखड्याशिवाय उतरली. अबू सालेमला फोनवर त्यानं सांगितलंन, "आतलाच राहू दे." गाडी त्याच्याकडेच राहिली.

जुना डबा परतल्यावर त्यानं यूनुसला दिलान. यूनुस आमच्याच किनाऱ्यावरचा, नुकताच आलेला, जुन्या पिकअपनं छोट्या होड्या ओढणारा. देताना एवढंच बजावलंन, "बारीक ठेवू नको हां. इथं पाणी नाही मागं धरायला."