चोवीस अंशांची बोट

इचोड्यात समुद्र नाही, हे सुरेंद्रला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं दुकान नागपूर-हैदराबाद हायवेवर. ट्रकचा शृंगार विकतो: गोंडे, हॉर्न, काळ्या शेंड्या, टपावरचे लोखंडी कॅरिअर. दुकानामागे घर आणि घराच्या भिंतीपलीकडे सुरेंद्र. त्याचे वडील ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे आणि पोरगाही त्याच कामात तयार झाला. चोविसाव्या वर्षी एका एजंटाने त्याला सुतार म्हणून शारजाला धाडलं. तिथे तो पोहोचला समुद्रात शर्यती लावणाऱ्या बोटींच्या कारखान्यात. पहिल्यांदा समुद्र पाहून त्याने म्हणे विचारलं, हे पाणी कोणत्या धरणाचं? असं मी गावभर सांगत आलो. त्याने तसं विचारलं नसावं. पण गोष्ट चालली.

तिथे तो अठरा वर्षं राहिला. काम काय, तर अख्ख्या बोटीच्या मापाचं लाकडी रूप घडवायचं. त्यावरून फायबरचा साचा निघायचा आणि साच्यातून बोटी. आकार काढणारे साहेब इटलीचे. ते कॉम्प्युटरवर रेघ मारायचे आणि सुरेंद्र त्या रेघेवरून घडवलेल्या लाकडावर तळहात फिरवून सांगायचा की इथे केसभर फुगलंय, पाणी अडेल. साहेब मान डोलवायचे, रेघ बदलायची. पुढे बोट शर्यत जिंकायची, छापील पुस्तकात तिचा फोटो यायचा आणि खाली साहेबांचं नाव. सुताराचं नाव कोण छापतो? मी हे त्याला दर दिवाळीला, तो सुट्टीवर आला की, विचारायचो. तो हसायचा. मग हसायचा बंद झाला.

फायबरची धूळ छातीत बसली तेव्हा कारखान्याने त्याला घरी पाठवलं. इथे येऊन त्याने परसात टिनाचं शेड टाकलं आणि पाण्याच्या टाक्या, ऑटोच्या सीटा, गुरांच्या गव्हाणी करू लागला. कामात खोट नव्हती, पण प्रत्येक वस्तूला तो जरा निमुळतं नाक काढायचा. गावातल्या सुधाकररावांनी करून घेतलेली टाकी रात्रीतून नागपूरला निघून जाईल, साखळीने बांधा, असं मी सांगितलं. गिऱ्हाईकं हसली. दोघा-तिघांनी ऑर्डर मोडल्या, हे मला मागाहून कळलं.

मग लक्ष्मणराव आले. आमच्याकडच्या तलावात बोटिंगचा ठेका त्यांनी घेतला होता आणि त्यांना अशी बोट हवी होती की बसणाऱ्याच्या तोंडून किंकाळी निघावी. सुरेंद्रने मजुरीची गोष्टच काढली नाही. दोन अटी घातल्या. आकार त्याचा, कोणी हात लावायचा नाही. आणि नाकावर नाव त्याचं. लक्ष्मणरावांना हा सौदा इतका स्वस्त वाटला की त्यांनी जागेवर हात मिळवला.

आठ महिने शेडमधून रंध्याचा आवाज येत होता. आधी लाकडी रूप, मग साचा, मग बोट. एकोणीस फुटांची. वरून पाहिली तर भाल्यासारखी लांबट, पाठ खाली दाबलेली, छत नाही, कठडा नाही. रंग पांढरा आणि बाजूने मिरचीच्या रंगाची एकच बारीक रेघ. मी म्हटलं, एखादा मोर काढू, मागे शेर लिहू, पेंटर माझ्याकडे आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा न पिता परत आलो.

पण खरी बोट खाली होती. आपल्याकडच्या डोंग्याचं बूड ताटासारखं चपटं असतं. हिचं पोट बैलाच्या छातीसारखं, मधोमध धार आणि धार पार मागपर्यंत. मागच्या टोकालासुद्धा दोन्ही बाजू चोवीस अंश वर उचललेल्या. पोटाला लांब पट्ट्या आणि आडव्या दोन पायऱ्या. धावताना पायऱ्यांखाली हवा शिरते आणि बोट पाणी सोडते, असं तो सांगायचा. खोल धार लाटा कापायला.

मी विचारलं, "तलावात लाट कुठं हाय बे?"

"नाई."

"मंग चपटी काऊन नाई करत? लोकं आरामात बसतीन."

तो बोटीवर हात फिरवत म्हणाला, "चपटी मलेही येते, राजकुमारभाऊ. पण अठरा वर्सं हे दुसऱ्यासाठी केली. एक माह्यासाठी करून राह्यलो."

हट्टच होता तो. त्याची आई बयनाबाई, डोळ्यांनी अधू, पोटाखाली हात घालून म्हणाली की गाभण म्हशीसारखी आहे. सुरेंद्रला ते साहेबांच्या शाबासकीपेक्षा आवडलं.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी तो मला चाचणीला घेऊन गेला. तलावावर दुसरं कोणी नव्हतं. मी पाय ठेवला तशी बोट एका अंगावर कलली आणि मी लहान पोरासारखं त्याच्या शर्टाला धरलं. तो म्हणाला, "थांबली का डोलते. पळाली का पाटावर बसल्यावानी." मग त्याने इंजिन सुरू केलं. नाक आधी वर गेलं, मग खाली आलं आणि त्यानंतर काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. धक्का नाही, हेलकावा नाही. माझ्या तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा उघडा होता, त्यातली सुपारीची एक कातरी सांडली नाही. सुरेंद्रने आपली ओंजळ पुढे केली. म्हणाला, "आता एवढीच टेकली हाय पाण्यावर." अठरा वर्षांत त्याला एकदाही कोणी चालवायला दिली नव्हती, हे त्याने परतताना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव माझ्या दुकानात आले. पाहुणे उन्हात कसे बसतील? टप पाहिजे, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर दोन भोंगे आणि फुलांची कमान. मी सगळं मोजून दिलं. थांबली की डोलते, हे सुरेंद्रने सांगितलेलं मला आठवत होतं. पण गिऱ्हाईक परत कोण पाठवतो? शिवाय त्या बोडक्या बोटीवर कॅरिअर पाहून सुरेंद्रचं तोंड कसं होईल, याची मला गंमतही वाटत होती.

तोंड पांढरं झालं. तो लक्ष्मणरावांना म्हणाला की अट मोडली, डोक्यावर एवढं लोखंड घेऊन ही उभी राहणार नाही, आत्ता काढा. लक्ष्मणराव म्हणाले, पाहुणे गेल्यावर काढू. मग सुरेंद्रने हात जोडून एवढंच मागितलं की पाचच माणसं घ्या, सगळ्यांनी बसा, आणि चढल्याबरोबर मला इंजिन सुरू करू द्या.

आता आमच्याकडे नवीन गाडी पूजेआधी चाक हलवत नाही. आधी नारळ, मग स्टार्टर. आणि नारळ फुटताना घरातला प्रत्येक माणूस गाडीत पाहिजे. ट्रक असला तर काही बिघडत नाही, तो चार पायांवर उभा असतो. इथे अकरा माणसं चढली, हैदराबादहून आलेले एक मोठे साहेब त्यात. पूर्वेकडे तोंड करून सगळी एकाच अंगाला उभी राहिली, कारण सूर्यही तिकडे आणि फोटोवालाही तिकडे. बोट बंद. सुरेंद्र मागून ओरडत होता की बसा, बसा. साहेबांनी नारळासाठी हात वर केला आणि कॅरिअर, भोंगे, कमान यांच्यासकट बोट सावकाश आडवी झाली.

पाणी कमरेएवढंच होतं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. साहेबांच्या डोक्यावर झेंडूची कमान बसलेला व्हिडिओ तेवढा संध्याकाळपर्यंत आदिलाबादच्या पलीकडे गेला.

तिसऱ्या दिवशी तहसिलीतून कारकून पंचनाम्याला आला. बोट आधी कोणी चालताना पाहिली? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हॉटेलात वीस-पंचवीस माणसं जमली होती, चहा चालू होता. जबानी काय, असं त्याने विचारलं आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी म्हणालो, "साहेब, तिले पळता येते, उभंच राहता येत नाई. पोटातच खोट हाय." हॉटेल हसून हसून पडलं. कारकूनही हसला आणि हसत हसत त्याने लिहून घेतलं: बोट मुळातच उभी राहत नाही, आकारात दोष, करणारा सुरेंद्र. कॅरिअरचा विषय कोणी काढला नाही. माझ्या दुकानाची पावती होती, मी कशाला काढू?

पंचनाम्यात आकारच सदोष ठरला, मग आकाराची अट कसली? त्या कागदाच्या जोरावर लक्ष्मणरावांनी बोट ठेवून घेतली. दोन्ही अंगांना पत्र्याचे पिंप वेल्ड केले, पुढे हंसाची मान बसवली, इंजिन उतरवलं. आता ती काठाला बांधलेली असते आणि लोक तिच्यात बसून फोटो काढतात. नाव मात्र त्यांनी राखलं. सौद्यात होतं ना. हंसाच्या छातीवर हातभर अक्षरात ‘सुरेंद्र’.

गेल्या महिन्यात सुरेंद्रची बायको दामिनीवहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊजी, ते पॉलिश पेपर घेऊन तलावावर गेले हायेत. तुमी तरी आना त्यायले."

मी स्कूटर काढली. सुरेंद्र गुडघाभर पाण्यात उभा राहून स्वतःचं नाव घासत होता. ‘सु’ गेला होता. मी काठावर बसलो. पहिल्यांदाच मला काही विनोदी सुचलं नाही.

"पंचनाम्यात तू काय सांगतलं?" त्याने मागे न पाहता विचारलं.

मी सांगितलं.

"खोटं नाई सांगतलं," तो म्हणाला. "अर्धं सांगतलं." आणि पुढच्या अक्षराला लागला.

दुसऱ्या दिवशी मी तहसिलीत गेलो. म्हटलं, उरलेलं अर्धं लिहून द्यावं: टप, कॅरिअर, नारळ आणि तळहातावरचा खर्रा. कारकून मला दारात पाहूनच हसायला लागला. कागद केव्हाच बंद झाला होता, पण त्याने खुर्ची दिली, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली आणि चहा सांगितला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. खर्ऱ्याच्या जागी ते सर्वांत जास्त हसले.