दादाची सीलबंद गाडी

फोन सकाळी आला. सुनंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "वन्सं, हे गेले. लाइट होती. मशीनही चालू होती." माणूस गेल्याचं सांगताना लाइटचं कोण सांगतं, असं कुणालाही वाटेल. पण दादाची फुप्फुसं आकसत चालली होती, तो ऑक्सिजनच्या मशीनवर होता, आणि सगळा उन्हाळा आम्ही लाइट जाण्याच्या धास्तीत काढला होता. ती गेली नाही, तरी तो गेला...

दादा, माझा मोठा भाऊ, वीज खात्यातून निवृत्त झालेला. वडिलांची जुनी मोटरसायकल त्याने फ्रीगंजच्या घरी जपली होती. किक मारायला दम पुरेना, धूर सोसेना, तेव्हा इंजिन उतरवून तिथे बॅटरी आणि मागच्या चाकात मोटर बसवायचं त्याने ठरवलं. यात हौस कमी, हट्ट जास्त. त्याला स्वतः गाडी चालवत शहरातच नानाखेड्याला माझ्या घरी यायचं होतं. मी म्हटलं, ई-रिक्षा पैशाला पासरी आहेत की. म्हणाला, "रिक्षात मी सामान असतो."

देवास गेटजवळच्या मेकॅनिककडे काम रेंगाळत चाललं. दादाची सगळी नोकरी तारांवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांना पकडण्यात गेलेली, त्यामुळे त्याचा कुणावर भरवसा नव्हता. बॅटरी चोरीला जाईल म्हणून त्याने तिचा लोखंडी खोका गाडीच्या सांगाड्यालाच वेल्ड करून घेतला, झाकणही वेल्ड केलं, आणि वायर बाहेर येते तिथे मीटरला असतं तसं शिशाचं सील ठोकलं. मेकॅनिक वैतागून म्हणाला, "साहब, ये गाड़ी है, मीटर नहीं." दादा हसला. सील राहिलं.

गाडी तयार होऊन घरी आली त्याच सुमारास दादाला ऑक्सिजन लागला. मग एका दुपारी लाइट गेली ती लवकर आलीच नाही. दादाचे ओठ निळे पडले. शेजारच्यांच्या जनरेटरवर कशीबशी वेळ निभावली. त्या दिवसापासून वहिनींची झोप उडाली. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन फार वेळ टिकेना, त्याला मोठी बॅटरी हवी होती, आणि घरात सगळ्यात दांडगी बॅटरी होती ती गाडीत. पण ती काढायची कशी? दादाने ती चोरांपासून आणि आमच्यापासूनही सुरक्षित ठेवली होती. शेवटी आम्ही गाडीच ढकलत झोपायच्या खोलीत आणली आणि पलंगाशेजारी उभी केली. गाडीतून वायर इन्व्हर्टरला, इन्व्हर्टरमधून मशीनला, मशीनची नळी दादाच्या नाकाला. बघायला येणारे लोक आधी गाडीकडे बघत, मग त्याच्याकडे.

लाइट गेली की गाडी त्याला श्वास पुरवायची. त्यामुळे ती बाहेर काढणं बंद झालं. डॉक्टरांनी पाठीवर छोटा सिलिंडर लावून थोडं फिरायला हरकत घेतली नव्हती. दादा म्हणाला, एकदाच, नानाखेड्यापर्यंत, मी हिशेब केलाय, पुरून उरेल. वहिनी म्हणाल्या, बॅटरीचं चार्जिंग उतरवून आलात आणि लाइट गेली, तर? मी म्हटलं, माझ्याकडे चार्ज करू. "आणि तुमच्याकडची गेली तर?" लाइट जाणार नाही याची हमी खात्यात जन्म काढलेला दादाही देईना. आपला हिशेब बरोबर आहे हे तो जाणून होता, पण वहिनींचा चेहरा बघून त्याने जायचा विषय सोडून दिला.

एकदा मी गेले तर तो नळीसकट गाडीवर बसलेला. गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत, आवाज न करता गरगर फिरत होतं. वहिनी दारातून म्हणाल्या, "अहो, बॅटरी उतरेल ना." त्याने मूठ सोडली. चाक थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

दिवसवार झाल्यावर वहिनी म्हणाल्या, ही घेऊन जा, मला खोलीत बघवत नाही. गिअर नसल्यामुळे स्कूटरसारखीच चालते. टॉवर चौकातल्या गर्दीतून मी ती नानाखेड्याला आणली. दारात उतरून चार्जचा काटा पाहिला. तो जेमतेम हलला होता. दादा येऊन, चहा पिऊन, परत गेला असता, तरी बॅटरी खूप उरली असती.

पोचले का विचारायला वहिनींचा फोन आला. मी पोचले म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "किती उतरली?"

मला गोष्टी घोळवून सांगता येत नाहीत. जे होतं ते सांगितलं.

"एवढीच?" वहिनी म्हणाल्या.