टाळ्यांचा बेत

आपण रेडिओवर बोलणार असं मुलीनं सांगितलं तेव्हा मी गाजर किसत होतो. ऐकलं आणि बोट किसलं. नुसती वाजवणार किंवा गाणार असती तर प्रश्नच नव्हता, ते ती गेली चार वर्षं करतेच आहे. पण ती बोलणार होती. एकटी, तीस सेकंद, तेही थेट प्रक्षेपणात. माझी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे आणि बोलायला लागली तेव्हापासून अडखळते.

गाताना अजिबात अडखळत नाही. बोलताना मात्र एखाद्या शब्दापाशी तिचा जबडा घट्ट होतो, डोळे मिटतात आणि शब्द आतच बसून राहतो. अशा वेळी समोरच्यानं शांतपणे थांबायचं, असं तिच्या लहानपणी स्पीच थेरपिस्ट आम्हाला दर आठवड्याला बजावत असे. बायकोला ते जमलं. मला नाही जमलं. मी तो शब्द तिच्याआधी म्हणून टाकतो. दुकानात, फोनवर, पाहुण्यांसमोर, कुठेही. "अहो, तिचं तिला बोलू द्या," असं बायको हजारदा म्हणाली असेल. मी दरवेळी हो म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करतो. त्यात वाईट हेतू काही नसतो. चारचौघांत पोटची पोर तशी उभी राहिलेली मला बघवत नाही.

तिचं वाद्य काय, तर उभा बेस. कपाटाएवढं धूड, चार जाड तारा. इथं अमेरिकेत, नोव्हाय या गावी, मी तीस वर्षं मोटारींचे आवाज मारायचं काम केलं. दाराची खडखड, डॅशबोर्डमधली किरकिर, काय असेल ते शोधून बंद करायचं. मुलगी माझ्याच वाटेनं मेकॅनिकल इंजिनिअर झाली, सहा वर्षं नोकरी केली, आणि गेल्या वर्षी राजीनामा देऊन पूर्णवेळ रॉकाबिली वाजवायला लागली. रॉकाबिली म्हणजे जुनं कंट्री संगीत, त्याला ब्लूजची फोडणी, आणि वेग दुप्पट. पूर्वी या मंडळींना रंगमंचावर ड्रम आणू देत नसत, म्हणून बेसवाला तार ओढून लाकडावर आपटायचा आणि ताल धरायचा. मुलगी तेच करते. ज्या आवाजाचा मी जन्मभर नायनाट केला, तोच आपटून आपटून काढणं हा तिचा धंदा. मी त्यावर फार बोलत नाही. बायको म्हणते, न बोलताही मी खूप बोलतो.

टीव्ही घरोघर पोचला नव्हता तेव्हा इथं शनिवारी रेडिओवर 'बार्न डान्स' व्हायचे. धान्याच्या कोठारासारखा सजवलेला रंगमंच, समोर प्रेक्षक, फिडल, बँजो, थट्टामस्करी, मधूनमधून जाहिराती, आणि हे सगळं थेट घराघरांतल्या रेडिओवर. आमच्या घरापासून दोन तासांवरच्या एका गावात काही हौशी लोकांनी ते पुन्हा सुरू केलंय. महिन्यातून एकदा, दुपारी चार ते सहा, गावच्या जुन्या लाकडी हॉलमध्ये. मुलीच्या तिघांच्या बँडला तिथून बोलावणं आलं होतं. तिथला रिवाज असा, की रेकॉर्ड केलेली जाहिरात लावायची नाही, कलाकारानंच मायक्रोफोनसमोर येऊन वाचायची. बँड नवा असेल तर त्यातल्या एकाच्या वाट्याला एक जाहिरात येतेच. बाकीचे दोघे आनंदानं वाचायला तयार होते. तिनं ती मागून घेतली.

"का पण?" मी विचारलं.

"बिकॉज आय वॉन्ट टू," ती म्हणाली. एका दमात, न अडखळता.

आम्हाला कल्पना यावी म्हणून आधीच्या महिन्यातला कार्यक्रम बघायला ती आम्हाला घेऊन गेली. रंगमंचावर गवताच्या पेंढ्या, मध्ये एकच मायक्रोफोन. ज्याची पाळी त्यानं पुढे यायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं, कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. खाली नाचायच्या जागेवर बूट नीट घसरावेत म्हणून मक्याचं पीठ टाकलेलं. पायाखाली पीठ बघून बायको कडेकडेनं भिंतीला धरून खुर्चीपर्यंत गेली. सुरू होण्याआधी सूत्रसंचालक पुढे आला. हॅट, पँटला गॅलिस, रुंद हसू. तो प्रेक्षकांना म्हणाला, की रेडिओवर शांततेइतकं वाईट काही नाही. तीन सेकंद आवाज आला नाही, तर स्वयंपाकघरात ऐकणारा माणूस दुसरं स्टेशन लावतो. तेव्हा इथं काही बिनसलं तर मंडळी, तुम्ही टाळ्या वाजवा!

लोक हसले. मी हसलो नाही. मला उपाय सापडला होता.

त्यानंतरचे चार आठवडे मला नीट झोप नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती. ती मायक्रोफोनसमोर उभी आहे, जबडा घट्ट झालाय, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरतोय, अख्ख्या जिल्ह्यात लोक रेडिओचं बटण फिरवतायत, असं मला आंघोळ करतानासुद्धा दिसायचं. बायकोला न सांगता मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. आमचे जुने स्नेही, नागपूरचे एक निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टर, त्यांनी लगेच सूत्रं हातात घेतली. अकरा जण तयार झाले. आम्ही मराठी माणसं, बेत ठरला की त्याची तालीमही होणारच. डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही टाळ्यांचा सराव केला.

"हे बघा," माझ्याकडे बोट दाखवत डॉक्टर म्हणाले, "हा माझ्या शेजारी बसेल. याचा हात वर गेला की सगळ्यांनी एकदम टाळ्या. रेंगाळायचं नाही. पोरीला सावरायला पाच सेकंद मिळाले पाहिजेत."

"आणि हात वर गेलाच नाही तर?" एका काकूंनी विचारलं.

"तर उत्तमच," मी म्हणालो. त्या क्षणी ते मी मनापासून म्हणालो होतो.

शनिवारी आम्ही दोन व्हॅनमधून निघालो. मागच्या सीटवर चकल्यांचा डबा. बायकोला वाटेतच बेताचा सुगावा लागला, कारण एका काकांनी गाडीतच हात वर करून खूण पक्की करून घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली. "असलं काही करू नका," एवढंच म्हणाली, आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत बसली.

बँडचं पहिलं गाणं झकास झालं. अठरा वर्षांची पोरं आणि ऐंशीच्या आज्या त्या पिठावर एकत्र नाचत होत्या. बेसच्या तारा फटाफट वाजत होत्या, आणि कधी नव्हे तो माझा पाय ताल धरत होता. मग गाणं संपलं, तिनं बेस सहकाऱ्याच्या हाती दिला, खिशातून कागद काढला आणि मायक्रोफोनसमोर येऊन उभी राहिली.

जाहिरात गावातल्या 'पाय'च्या, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाच्या, बेकरीची होती. तिनं सुरुवात केली आणि मी श्वास रोखला. पहिलं वाक्य गेलं. दुसरं गेलं. एका अक्षरावर किंचित घुटमळली, पण निघाली पुढे. प्रेक्षक हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते. सकाळी भाजलेल्या 'पाय', सफरचंदाच्या, चेरीच्या, आणि... तिथं ती थांबली. डोळे मिटले.

मी मोजणार होतो. एक, दोन, मग हात, असं ठरवलं होतं. एकसुद्धा मोजून झालं नाही. माझा हात आपसूक वर गेला होता.

अकरा जणांनी जिवाच्या करारावर टाळ्या वाजवल्या. तालमीपेक्षा कितीतरी जोरात. डॉक्टरांनी तर तोंडानं "वाह!" असंही केलं. हॉलमधल्या बाकीच्यांना वाटलं जाहिरात संपली, म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकाचं लक्ष घड्याळावर होतं. टाळ्या ऐकून त्यानं फिडलवाल्याला बोट दाखवलं आणि पुढची धून सुरू झाली. त्या गोंगाटात मी तिच्याकडे बघत होतो. तिचे डोळे उघडले होते. ओठ हलले. राहिलेला शब्द तिनं म्हटला, आणि त्याच्यापुढचा, आणि बेकरी कुठे आहे तेही सगळं म्हटलं, शेवटपर्यंत. तिच्यापासून वीतभर अंतरावर मायक्रोफोन होता, पण फिडल आणि टाळ्यांखाली कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग तिनं कागदाची घडी केली आणि मागे सरली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे मला तिथंच कळलं. बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मध्यंतरानंतर अजून एक गोष्ट झाली, तिची मला कल्पना नव्हती. जाहिरात अर्धवट राहिली की ती पुन्हा वाचून द्यावी लागते. सूत्रसंचालक पुढे आला आणि बेकरीची जाहिरात त्यानं स्वतः वाचली. सफरचंद, चेरी, आणि तिचा राहिलेला शब्द, रूबार्ब, इथली एक आंबट देठांची भाजी. लोण्यासारखा आवाज, कुठे खळखळ नाही. मुलगी मागे पेंढीवर बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती आणि मान खाली घालून ऐकत होती. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण वाट त्या पिठावरून, सगळ्यांच्या समोरून होती.

कार्यक्रम संपला तेव्हा, इथल्या उन्हाळ्याप्रमाणे, सहा वाजताही बाहेर लख्ख ऊन होतं. पार्किंगमध्ये आमची मंडळी खूश. "काय वेळेवर पडल्या टाळ्या!" डॉक्टर सगळ्यांना सांगत होते. "कुणाला पत्ता लागला नाही!" मुलीनं सगळ्यांना मिठ्या मारल्या, "थँक यू काका, थँक यू काकू" म्हणाली, चकली खाल्ली. मग मला म्हणाली, "बाबा, बेस गाडीत ठेवायला जरा हात दे."

आम्ही दोघांनी ते धूड उचलून तिच्या व्हॅनमध्ये आडवं ठेवलं. तिनं दार लावलं नाही.

"स्टेजवरून सगळं दिसतं," ती म्हणाली. "तुझा हात दिसला."

"अगं, तू अडकलीस म्हणून..."

"आय वॉज ब्रीदिंग, बाबा." ती शांतच होती. "कठीण शब्दाच्या आधी थांबायचं, श्वास घ्यायचा, मग बोलायचं. त्याची प्रॅक्टिस केली होती मी. पूर्ण महिना. तिथे मी ठरवून थांबले होते."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं तळहात पुढे केला.

"थांब. आता मी बोलतेय."

आणि ती बोलू लागली. मराठीत, मुद्दाम माझ्यासाठी, आणि मराठीत ती जास्त अडखळते. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी काउन्सेलरच्या ऑफिसात आपण तिघं बसलो होतो, म्हणाली. काउन्सेलरनं विचारलं, तुला पुढे काय करायचंय. मी बोलायला लागले आणि अडकले. तू म्हणालास, इंजिनिअरिंग. काउन्सेलरनं लिहून घेतलं. मी मान हलवली, कारण मान हलवणं सोपं होतं.

हे सांगायला तिला बराच वेळ लागला. वाक्यावाक्याला माझ्या जिभेवर पुढचा शब्द तयार होता. दात घट्ट मिटून मी उभा होतो. पुढे ती काय म्हणणार हेही मला कळून चुकलं होतं. म्युझिक. मला म्युझिक म्हणायचं होतं बाबा, असंच म्हणणार. मी उत्तरही जुळवून ठेवलं, की तेव्हा बोलली असतीस तर मी नाही म्हटलं असतं का.

"तेव्हा मला म्हणायचं होतं," ती म्हणाली आणि थांबली. जबडा घट्ट झाला. डोळे मिटले. या वेळी ती श्वास घेत नव्हती, खरोखर अडकली होती, आणि शेजारच्या गाडीतून बाहेर पडणारी एक बाई आमच्याकडे बघत होती. मी हात खिशात घातले.

"...मला म्हणायचं होतं, मला माहीत नाही. अजून माहीत नाही. एवढंच."

चार वर्षांची डिग्री, सहा वर्षांची नोकरी. आणि तिला एवढंच म्हणायचं होतं. जुळवून ठेवलेलं माझं उत्तर आता कशालाच लागू पडत नव्हतं. मी बोलायला गेलो आणि घशातून काही बाहेर येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचीही लाज वाटली.

तिनं माझ्या वतीनं काहीही म्हटलं नाही. व्हॅनच्या उघड्या दाराला टेकून ती उभी राहिली, माझ्याकडे बघत, जराही घाई न करता, मला बोलता येईपर्यंत.