मोहाच्या दिवसांतलं ‘पिक अप’

गडचिरोलीतल्या एका आश्रमशाळेत मी इंग्रजी शिकवते. नववीला ‘पिक अप’ शिकवायचं म्हणजे डोक्याला ताप. पडलेला खडू उचलला, पिक अप. स्टँडवरून पाहुण्याला घेऊन आलो, तेही पिक अप. ऐकून ऐकून एखादी भाषा आली, तेही. आजारी माणसाची तब्येत सावरली, तेही.

“बाई, एकाच शब्दाले एवढी कामं काऊन देल्ली?” मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं.

“इंग्रज आळशी होते म्हणून,” मी म्हटलं. वर्ग खदखदून हसला. तेवढं सोडलं तर दिवसभरात माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं. सरळच सांगते, इथं मला फार एकटं वाटतं. संध्याकाळी क्वार्टरचं दार लावलं की भिंतींशी बोलायचं.

मग मोहा पडायला लागला आणि झाडाखालची फुलं वेचायला अर्धा वर्ग घरी पळाला. ती मागच्या बाकावरची पोरगीही गेली. दुसऱ्या दिवशी वार्षिक परीक्षा, आणि हिचा पत्ता नाही! नववीत शाळा सुटली की इथं पोरींचं लग्नच लावून देतात. मी स्कूटी काढली आणि तिचं गाव गाठलं.

घराचं दार दोरीनं बांधलेलं. या दिवसांत सगळं गाव आपापल्या मोहाखाली असतं. पोरीचे आईबाप तेलंगणात मिरची तोडायला गेलेले, म्हणून झाडाखाली फक्त ती आणि तिची आजी. आजीला वाकवत नव्हतं. पोरगी वेचत होती.

म्हातारीला खूश करावं म्हणून मीही ओंजळभर फुलं वेचली. पण शेजारच्या झाडाखालची!

“ठेव, ठेव खाली!” म्हातारी कडाडली. “ते झाड दुसऱ्याचं हाय!”

इथं प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या फुलाला कोणी बोट लावत नाही. मास्तरीनबाई मुकाट्यानं फुलं परत टाकत बसल्या. पोरगी तोंड दाबून हसत होती.

“हिले नेशील तं मोहा कोण वेचन?” म्हातारीनं विचारलं.

“पेपर झाले का मीच आणून सोडीन, आजी. शप्पथ.”

तिनं मला नीट न्याहाळलं. “आन तुले? तुले न्यायले कोण येते?”

बाबा होते तोवर मला न्यायला आमच्या गावी, माजरीच्या स्टेशनावर, मोटरसायकल घेऊन उभे असायचे. ते गेले तेव्हापासून आई घरी एकटी आहे, आणि मी सुट्ट्यासुद्धा क्वार्टरवरच काढते.

“कोणी नाई आता,” मी म्हटलं.

“न्यायले कोणी नसलं का जाचंच नाई का?”

पोरीला मागं बसवलं आणि निघाले. रस्ताभर डोळे पुसत होते. पोरगी मला घट्ट धरून बसली.

पेपर झाले तशी तिला झाडाखाली सोडली, स्कूटी तिच्या घरापाशी लावली आणि शाळेकडे न वळता एसटी पकडली. माजरीला पोचले तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला पाहून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

“काऊन आली वो?” ती घाबरून उठली. “काय झालं? कोणाले काई झालं का?”

“काई नाई झालं, आई. न्यायले कोणी नसलं तरी येता येते, म्हून आली.”