वहिनींच्या कोकोच्या वड्या

वहिनी गेल्याची बातमी मला वाशीमला कळली. शाळेच्या कामासाठी कचेरीच्या व्हरांड्यात सकाळपासून ताटकळत बसलो होतो. शिरपूरचा एक ओळखीचा माणूस सायकल हातात धरूनच पुढे आला आणि म्हणाला, "मास्तर, घरी चाला." काय झालं, हे मी विचारलंच नाही. मोटार निघून गेली होती, म्हणून कुणाच्या तरी बैलगाडीत बसून परतलो. वाटभर रडू आलं नाही. इतकंच वाटत राहिलं की आता सांगायचं कुणाला... या गोष्टीला दीड महिना झाला. तेराव्यापर्यंत माणसांचं येणंजाणं होतं, त्यात दिवस गेले. आता घर शांत आहे आणि मी थकलो आहे. दुःखाने थकलो असतो तर बरं झालं असतं. एक गोष्ट सहा वर्षं पोटात धरून ठेवण्याचा हा थकवा आहे.

त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादा गेले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, पदरी मूल नाही, आणि मी तेरा वर्षांचा. माहेरची माणसं न्यायला आली तर म्हणाल्या, "याच्या भाकरीचं कोन पाहीन?" मला वाशीमला इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनीच हट्ट धरून ठरवलं. आमचे काका हसले, "इंग्रजी शिकून का कलेक्टर होनार हाय?" वहिनी म्हणाल्या, "नाही झाला तं नाही झाला. कागद तं वाचन! या घरात सारे अंगठेच हायेत." मी कलेक्टर झालो नाही. गावच्या शाळेत मास्तर झालो.

त्यांच्या हातच्या शेंगदाण्याच्या वड्या गावात माहीत होत्या. दाणे तापल्या वाळूत भाजायचे, साल चोळून सुपाने पाखडायची, आणि मग पाट्यावर वाटत राहायचं. कूट झाला की बाकीच्या बायका थांबत, वहिनी थांबत नसत. तेल सुटून लोण्यासारखा गोळा होईपर्यंत वरवंटा चाले. लढाईच्या दिवसांत त्यांचा भाचा पलटणीच्या कोठारात नोकरीला होता. रजेवर आला तेव्हा तो कोकोचे दोन डबे घेऊन आला, आणि गोरे सोजीर शेंगदाण्याचं लोणी चॉकलेटात बुडवून कसं खातात ते ऐटीत सांगू लागला. वहिनींनी पाट्याकडे बोट दाखवलं. "हे का वेगळं हाय, बापू? मी वीस वर्सांपासून करून राह्यली. मले साहेब नाही म्हनत कोनी!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हात घातला. दाण्याच्या लोण्यात थोडा मऊ पाक, परातीत थापून बोटभर लांबीच्या वड्या. वरून कोको, तूप आणि दळलेली साखर एकत्र करून त्यात बुडवायच्या. साखर रेशनची, आठ-आठ दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन साठवलेली. पण वरचा थर काही केल्या बसेना, हाताला लागून यायचा. तीन दिवस त्या चिडचिड करीत होत्या. मग त्यांनी रांजणाखालच्या ओल्या वाळूवर पितळी ताट ठेवलं, आणि पौषाच्या थंडीत सकाळपर्यंत थर असा घट्ट धरला की वडी मोडताना आवाज यायचा. पहिली वडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "कशी हाय, भाऊजी?" मी म्हटलं, चांगली आहे. चांगली म्हणजे काय, तशी चव मी पुन्हा कधी घेतली नाही.

आमच्या शिरपूरच्या जैन मंदिराच्या वाटेवर एका शेठजींचं दुकान होतं. वहिनींनी तिथे दोन ताटं ठेवली आणि यात्रेकरूंनी दुपारपर्यंत संपवली. शेठजींनी दुकानामागची रिकामी खोली देऊ केली. इथेच चूल मांडा, इथेच राहा, भाडं वड्यांतून वळतं करू. वहिनी त्या दिवशी घरी आल्या त्या वेगळ्याच चालीने. "भाऊजी, एक खोली माह्यी होऊन राह्यली," म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली बाई, आणि डोळे मुलीसारखे.

आठवड्याने शेठजींनी मला दुकानात बोलावलं. दोन-चार यात्रेकरू उभे होते. कुणीतरी शंका काढली होती की विलायती पिठात अंडं असतं, चरबी असते. कोकोचा डबा मधोमध ठेवला होता. वहिनी दाराशी डोक्यावरचा पदर धरून उभ्या होत्या. शेठजी म्हणाले, "मास्तर, तुमीच वाचा. इथं जमलेल्यात इंग्रजी दुसऱ्या कोनाले येते?" मी डबा उचलला. त्यावर कोको लिहिलं होतं, केवळ कोको, दुसरं काहीही नाही. मी तो दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणालो, "विलायती माल आहे, शेठजी. छापलं आहे तेवढंच असेल, असं सांगता येत नाही."

एका म्हातारीने तिथेच चूळ भरली. तिने सकाळी एक वडी खाल्ली होती, तिने त्या दिवशी उपास धरला. शेठजींनी ताटं परत केली, वाईट बोलले नाहीत. वहिनींनी घरी येऊन ती ताटं राखेने घासली आणि उरलेला कोको उकिरड्यात ओतला. संध्याकाळी भाकरी नेहमीसारखीच गरम वाढली.

असं मी का केलं? त्या सुमारास शाळेत थट्टा चालू होती. "काय मास्तर, वहिनी दुकानात बसल्या, आता तुमी टोपली घेऊन फिरा!" मला ती फार झोंबली होती. घराण्याची अब्रू वगैरे मनात होतं.

वहिनी गेल्यावर शेठजी बसायला आले. माझ्याने राहवलं नाही, मी सांगून टाकलं, डब्यात काही वाईट नव्हतं. शेठजींनी मान खाली घातली. "ठाव हाय मले. चार दिवसांनी बाई रिकामा डबा घेऊन आल्या होत्या. पोस्टमास्तरकडून वाचून आनला होता त्याईनं. मी म्हन्लं, चाला मंग, यात्रेकरूंले सांगतो, खोली तुमचीच हाय. तं म्हने, नोको. माह्या दिराले चार लोकांत खोटं पाडून मले दुकान नाही मांडाचं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सहा वर्षं.

आता उलगडा होतो. या सहा वर्षांत मी घरात काहीही मोठ्याने वाचलं, पत्र, वर्तमानपत्र, तलाठ्याचा कागद, तरी त्या चुलीपाशी बसून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि विचारायच्या, "इतकंच लिवलं हाय ना, भाऊजी? काही राह्यलं तं नाही?" निरक्षर माणसाची सवय म्हणून मी हसण्यावारी न्यायचो.

काल हा लेख लिहून झाला. स्वयंपाकघरात बसून बायकोला वाचून दाखवला. संपला. चुलीकडून कुणी काही विचारलं नाही... मी पुन्हा पेन्सिल घेतली, कारण राहिलं होतं. थट्टेचं लिहिलं, अब्रूचं लिहिलं, पण ते निम्मंच खरं. त्या हिवाळ्यात बायको अंथरुणाला खिळलेली होती, पोरं लहान होती. वहिनी त्या खोलीत राहायला गेल्या असत्या, तर माझी भाकरी कुणी थापली असती? डबा हातात फिरवताना माझ्या मनात एवढाच विचार होता.

इतकंच लिहिलं आहे, वहिनी. आता काही राहिलं नाही.